पंचवीस इंच

२०१४ साली आमच्या स्वयंपाकघराचा ओटा नवा केला, तेव्हा मिस्त्रींनी विटांवर एक फळी टाकली, मला तिच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "वहिनी, पोळी लाटून दाखवा." लाटणं कुठल्या खोक्यात होतं कोण जाणे. मी नुसतेच हात हलवले. त्यांनी कोपराशी टेप धरला, एक वीट काढली, पुन्हा लाटायला लावलं. शेवटी ग्रॅनाइट बसला ३१ इंचांवर. "ओटे तेहेतीस-चौतीस असतात, पण उभं तुम्हाला राहायचंय," म्हणाले. माझी उंची ५ फूट.

हे सगळं आठवलं ते दहा वर्षांनी, फिजिओथेरपिस्टकडे मानेला शेक घेत पालथी पडलेली असताना. तिनं विचारलं, कामाला कुठे बसता? म्हटलं, डायनिंग टेबलवर. "उंची किती?" मी माझी सांगितली. "तुमची नाही हो, टेबलाची!" ती मला माहीत नव्हती. चार वर्षं रोज आठ-आठ तास ज्याच्यापुढे बसले त्याची. पोळ्यांना दिवसाचा फार तर पाऊण तास जातो, त्याच्यासाठी मात्र टेप लावून माप झालं होतं.

मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, अकाउंट्स बघते. मार्च २०२० मध्ये सगळ्यांसारखीच लॅपटॉप घेऊन धनकवडीला घरी आले. पुढे सरांनी ऑफिसची जागाच लहान केली, मग घरीच राहिले. आता आठवड्यातून एकदा जाते आणि बिलांच्या फायली पिशवीतून घेऊन येते. आमचं काम कर आणि विवरणपत्रं भरायच्या तारखांवर चालतं. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. त्याच्या आधीचे दोन दिवस माणूस खुर्चीतून हलत नाही. घर साडेसहाशे फुटांचं, माणसं चार. डायनिंग टेबल हेच ऑफिस असल्यामुळे नाश्ता, जेवण आणि रात्रीचं जेवण असं दिवसातून तीनदा ऑफिस उचलायचं. एका परचेस बिलावर वरणाचा डाग आहे. ते बिल तसंच फायलीला लागलंय.

आधी मला वाटलं, दोष खुर्चीचा. मग ऑनलाइन ७ हजारांची खुर्ची मागवली. जाळीची पाठ, कमरेला टेकू, डोक्याला टेकू, फोटोत एक दाढीवाला तिच्यात रेलून बसलेला. आली, जोडली, बसले, तर माझे पाय अधांतरी. अगदी खाली आणूनही तिची सीट साडेअठरा इंच, आणि माझ्या गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं अंतर साडेपंधरा. मग पायाखाली पंगतीचा पाट आला. वर्षभरात खुर्चीचा खाली-वर करणारा पंप गेला. सकाळी दहाला उंच असायची, अकरापर्यंत आपली आपणच खाली यायची. खाली आली की पायांना बरं वाटायचं, पण टेबल तिथेच असल्यामुळे खांदे कानाला लागायचे. विकणाऱ्यांनी बिघाडाचा व्हिडिओ मागवला, मग दुसऱ्या बाजूने काढलेला मागवला, मग गॅरंटी संपली.

दुसरा उपाय यूट्यूबचा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी म्हणून लॅपटॉपखाली सात दिवाळी अंक रचले. मान आणखीच धरली. कारण सोपं होतं, पण ते कळायला फिजिओच लागली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्यात लांबचा नंबर काचेत वर, जवळचा तळाशी. स्क्रीन वर नेली की तळातून बघायला हनुवटी उचलावी लागते. मी दिवसभर छताला जळमटं शोधत असल्यासारखी बसत होते. असला चष्मा असेल तर स्क्रीन उलट खाली घ्यायची आणि जराशी मागे कलती ठेवायची. दिवाळी अंक परत माळ्यावर गेले. पुढे मी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेप लावला, ६३ सेंटिमीटर भरले, आणि तेवढ्याच अंतराचा एक साधा चष्मा करून घेतला. चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, असं माप घेऊन कुणी येत नाही."

एका रविवारी मुलाला टेप धरायला बसवलं. तुम्हाला करून बघायचं असेल तर सांगते. घरात सपाता घालत असाल तर त्या घालूनच बसायचं. पाऊल पूर्ण टेकलेलं, मांड्या आडव्या, इतपत खुर्ची खाली-वर करायची. खांदे सैल सोडायचे (हे सगळ्यात अवघड, मला तर ते वर आहेत हेच कळत नव्हतं), कोपर अंगालगत ठेवून काटकोनात आणायचं, आणि कोपराच्या खालपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझी सीट आली सव्वासोळा इंचांवर आणि कोपर २५ वर. डायनिंग टेबल ३०. म्हणजे चार वर्षं मी पाच इंच उंच ओट्यावर पोळ्या लाटत होते.

सुतारकाकांना फोनवर सांगितलं, चार बाय दोनचं टेबल, उंची पंचवीस.

"ताई, टेबल तीस असतं."

"मला पंचवीस हवंय."

"मुलासाठी का?"

"मुलगा माझ्याहून वीतभर उंच आहे. माझ्यासाठी."

आले तेव्हा त्यांच्याकडे भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून आणलेला १९ एमएम प्लायचा तुकडा होता. पूर्ण शीट ८ बाय ४ ची, मला त्यातली पाव पुरे. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्लायच्या पाठीवर लिहिलं २८. भांडण नको म्हणून मधला आकडा काढला असावा. मी खुर्ची ओढली, बसले आणि हवेत टॅली केलं. दहा वर्षांपूर्वी हवेत पोळी लाटली होती तसं. काका वाकून बघत राहिले. मग स्वतःच कोपराखाली टेप धरला, २८ वर काट मारली आणि २५ लिहिलं. म्हणाले, "आमच्या घरी शिलाई मशीनचं स्टूल आहे, त्याचे पाय मी दोनदा कापलेत. बायको म्हणायची पाठ भरते. हे तेच की."

तिथून पुढे ते माझ्या बाजूचे झाले. फक्त ड्रॉवरवरून जरा वाजलं. ड्रॉवरशिवाय टेबल म्हणजे त्यांच्या मते बिनखिशाचा शर्ट. पण चार इंचांचा ड्रॉवर लावला की मांड्या त्याला घासणार, मग खुर्ची खाली घ्या, मग सगळंच गणित पुन्हा. त्यांनी बसवून बघितलं आणि मान्य केलं. टेबल हलू नये म्हणून आडवी पट्टी त्यांनी पुढे न मारता मागे, भिंतीकडे मारली. ही युक्ती त्यांचीच. पुढच्या कडेला सागाची पट्टी लावून ती पॉलिश पेपरने गोल केली, नाहीतर प्लायची धार दिवसभर मनगटात रुतते. सनमायका त्यांना चकचकीत हवा होता, पुसायला बरा म्हणून. मी मॅट घेतला, कारण चकचकीतात वरची ट्यूब दिसते आणि नजर सारखी तिच्याकडे जाते. मजुरीसकट साडेसहा हजार. त्या दाढीवाल्याच्या खुर्चीहून पाचशे कमी. खुर्चीलाही दुरुस्तीवाल्याने आखूड पंप घालून दिला. हे असं मिळतं हेच मला माहीत नव्हतं.

टेबल कुठे तोंड करून ठेवायचं हा घरगुती प्रश्न होता. आतल्या खोलीला खिडकी एकच, पश्चिमेची. सासूबाई म्हणाल्या पूर्वेकडे तोंड करून बस. तसं बसले तर खिडकी पाठीशी आणि तीननंतर सगळं ऊन स्क्रीनवर. खिडकीकडे तोंड केलं तर तेच ऊन डोळ्यांत. मी उत्तरेकडे तोंड केलं. खिडकी डाव्या हाताला आली, उजेड बाजूने पडतो आणि लिहिताना हाताची सावलीही येत नाही. आईंनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "उत्तर कुबेराची. हिशेबाच्या कामाला चांगलीच." प्रश्न मिटला. डोळ्यांसाठी तो वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचा नियम आहे ना, त्याची पंचाईत अशी की आमच्या १० बाय ११ च्या खोलीत वीस फूट नाहीतच. मी समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघते. तिथे बहुतेक वेळा एक घार असते.

बाकी किरकोळ. टॅलीवाल्या माणसाला आकड्यांची वेगळी पाटी नसलेला कीबोर्ड म्हणजे शिक्षा, म्हणून पाटीवाला बाहेरून जोडला. बिलं टेबलावर आडवी ठेवली की मान सारखी खाली-वर होते. त्यासाठी आईंचं पोथी वाचायचं लाकडी स्टँड घेतलं, कात्रीसारखं उघडतं ते. त्यावर बिल स्क्रीनच्या शेजारीच उभं राहतं. आईंनी ते दिलं, पण चातुर्मासात परत घेतात. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून खलबत्त्यातला बत्ता.

आता गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको, गुरुवार हा महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचा वार. एखाद्या गुरुवारी सकाळी वीज जाते ती दुपारीच येते, आणि २० तारीख गुरुवारी आली की माझं रक्त आटतं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, प्रश्न इंटरनेटचा. राऊटरला मुळात लागतात १२ व्होल्ट. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत त्याच्यासाठी एक छोटी डबी मिळते, यूपीएसच, पण साबणाच्या वडीएवढी. ती लावली की राऊटर तीन-चार तास सहज चालतो. मोठ्या ऐटीत लावली, आणि पहिल्याच गुरुवारी राऊटरचे दिवे लागलेले, नेट बंद.

केबलवाल्याच्या मुलाला बोलावलं. तो मला जिन्यात घेऊन गेला. आमच्या इमारतीत फायबर येते ती मीटरच्या खोलीशेजारच्या एका पत्र्याच्या पेटीपर्यंत. तिथून पुढे घराघरात साधी वायर. त्या पेटीतला स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटून देणारा डबा, चालतो सोसायटीच्या विजेवर. म्हणजे माझ्या घरात मी कितीही बॅटऱ्या लावल्या तरी पेटी अंधारात. ज्यांच्या घरात थेट फायबर येते त्यांना ही अडचण नाही, मधला फाटा नुसत्या काचेचा असतो, त्याला वीज लागत नाही. मी सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला, पेटीतल्या स्विचलाही तसलीच एक डबी बसवा म्हणून. तासभर चर्चा झाली ती पार्किंगवर. शेवटी डबी मीच आणून दिली. आता गुरुवारी आमच्या पूर्ण विंगचं नेट चालतं आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका मला भेटले की सांगतात, "बघा, पूर्वीसारखं नेट जात नाही हल्ली, कंपनी सुधारली."

राहता राहिलं दार. आई दाराबाहेरून हाक मारत नाहीत, आत येऊन विचारतात. एकदा सर आणि एक मोठे क्लायंट स्क्रीनवर असताना मागून "अगं, दूध तापवून ठेवलंय, साय काढू का?" असं झालं. आईंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे 'मी फोनवर आहे' हे ओरडून सांगावं लागतं आणि ते क्लायंटलाही ऐकू जातं. मग एक खूण ठरवली. संक्रांतीच्या वाणात आलेली लाल प्लास्टिकची वाटी दाराबाहेर ठेवली की मीटिंग चालू. त्या दिवसापासून आत कुणी आलेलं नाही. मात्र मीटिंग संपवून दार उघडलं की वाटीत काहीतरी असतं. कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी चार फुटाणे. एकदा निवडायची मेथी होती, वाटीत मावत नव्हती म्हणून वाटीवर.

गेल्या महिन्यात नवऱ्याला दोन दिवस घरून काम होतं. डायनिंग टेबलवर आईंची भाजी पसरलेली, म्हणून तो माझ्या टेबलाशी बसला. तो पावणेसहा फूट. तासाभरात कंबर धरून बाहेर आला. "हे कसलं टेबल? किती बुटकं! माणूस दुमडून बसतो इथे. ह्याला खाली चार-पाच इंचांचे ठोकळे का नाही लावले?"

ठोकळे सुतारकाकांनी उरलेल्या लाकडातून तेव्हाच करून दिले होते, चार. "कुणी ना कुणी मागणार बघा," असं म्हणून. मी कपाटावरून काढून दिले आणि सांगितलं, उठताना आठवणीने काढून ठेव.