पेटीचा हिशोब आणि पावसाळ्यातला कॅल्क्युलेटर

आंब्याच्या ३ पेट्या १८०० रुपयांनी, २ पेट्या २२०० रुपयांनी. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ३×१८००+२×२२०० असं सरळ दाबलंत तर उत्तर येतं १,१८,८४,४००! यंत्र बिघडलेलं नाही. ते आधी ५४०० मध्ये २ मिळवतं, मग सगळ्याला २२०० ने गुणतं. शाळेतला सायंटिफिक कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करतो, म्हणून तिथे ९८०० येतात.

साध्यावर मेमरी वापरा. एमआरसी (मेमरी दाखवणारं आणि पुसणारं बटण) दोनदा दाबून जुनं पुसा. पडद्यावरचा छोटा एम गेला पाहिजे. मग ३×१८०० एम प्लस (मेमरीत मिळवा), २×२२०० एम प्लस, हमालीचे २५० एम मायनस (मेमरीतून वजा). एमआरसी दाबलं की ९५५०. बहुतेक जण या बटणांना हातही न लावता कागदावर आकडे लिहीत बसतात, कमाल आहे.

कोकणात खरा शत्रू खारी दमट हवा. बटण जोरात दाबावं लागतंय? सेल काढा, मागचे स्क्रू सोडवा (एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो). बोर्डावरचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. रबराखालची काळी कार्बनची टिकली मात्र घासू नका, थर निघाला की बटण कायमचं गेलं. पडदा बोर्डाला जोडणारी पट्टी ओढू नका. अल्कलाइन सेल गळून पांढरं साचलं असेल तर व्हिनेगरचा थेंब, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं.

सोलर आणि सेल दोन्हींवर चालणारा कॅल्क्युलेटर असेल आणि सोलरची काच बोटाने झाकल्यावर आकडे विझले, तर आतला सेल संपलाय.