तुम्ही विचारलंत म्हणून: महागड्या मॉडेलची स्प्रिंग कडकच असते का?

माझी सगळी नोकरी पीथमपूरला, गाड्यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात झाली. हे इंदूरच्या सुदामा नगरात, म्हणजे आमच्या वस्तीत, बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एक प्रश्न चुकत नाही: "काका, एकाच स्पोर्ट्स कारच्या साध्या आणि महाग मॉडेलमध्ये स्प्रिंग खरंच वेगळी असते, की नुसता स्टिकर वेगळा?" विचारणारी मुलं दोन जातींची. काही इंजिनिअरिंगची, पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या आवारात होणाऱ्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधणारी. बाकीची घरी टेबलाला स्टिअरिंग लावून कॉम्प्युटरवर शर्यती खेळणारी. या दुसऱ्यांना स्प्रिंगचे आकडे माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात, फक्त आकड्याचं काय करायचं ते माहीत नसतं.

तर वेगळी कधी असते, कधी नसते. आणि वेगळी असली तरी महाग म्हणजे कडक, हे गणित सोडून द्या.

टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड घ्या. आपल्याकडे या गाड्या विकल्या जात नाहीत, पण या मुलांच्या तोंडी त्याच असतात. दोन्ही जपानमध्ये सुबारूच्याच गुन्मा इथल्या कारखान्यात बनतात, सांगाडा एक, इंजिन एक. ही एका गाडीची दोन मॉडेलं नव्हेत, दोन कंपन्यांची जुळी भावंडं आहेत. पण बाकी सगळं सारखं असल्यामुळे स्प्रिंगचा फरक इथे फार स्वच्छ दिसतो. २०२२च्या मॉडेलला टोयोटाची पुढची स्प्रिंग मिलिमीटरला २८ न्यूटन (एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर; आकडा मोठा तेवढी स्प्रिंग कडक), मागची ३९. सुबारूची पुढची ३०, मागची ३५. म्हणजे शंभर किलो वजन ठेवलं तर टोयोटाची पुढची ३५ मिलिमीटर दबेल, सुबारूची सुमारे ३३. मागे टोयोटा २५, सुबारू २८.

आता सांगा, कडक गाडी कुठली? पुढे सुबारू, मागे टोयोटा. प्रश्नच कोलमडतो. आणि फरक बघा, पुढे दोन न्यूटन, मागे चार. तरीही चालवणाऱ्याला तो कळतो, कारण वळणावर गाडी कलते तेव्हा तो कल पुढचे आणि मागचे टायर आपसात वाटून घेतात. मागची बाजू जास्त ताठ असेल तर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त बोजा जातो, तो आधी पकड सोडतो आणि शेपूट सरकते. टोयोटाला नेमकं तेच हवं होतं. सुबारूला गाडी थोडी शहाणी हवी होती. अँटी-रोल बारही (गाडीचा कल रोखणारी आडवी दांडी) त्याच हिशेबाने वेगळे आहेत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रोजच्या वापराला सुबारूचं पटतं, पण रविवारी सकाळी मोकळ्या ट्रॅकवर मी टोयोटाचीच किल्ली उचलेन.

इथे गेमवाली मुलं एक शंका काढतात: मागची ३९ आणि पुढची २८, मग गाडी मागून दगडासारखी आदळत नाही का? नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, चाकाच्या अगदी जवळ उभे; चाक जेवढं वर येतं जवळजवळ तेवढीच स्प्रिंग दबते. मागे डबल विशबोन, म्हणजे चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं, तिथे स्प्रिंग चाकापासून आत बसते. समजा चाक दहा मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग सातच दबली, तर चाकाला जाणवणारा ताठपणा ०.७च्या वर्गाइतका पट, म्हणजे ०.४९, जेमतेम निम्मा. ३९चे एकोणीसच उरले. स्प्रिंगवरचा आकडा आणि चाकावरचा आकडा वेगळे असतात, हे कळलं की अर्धी भांडणं मिटतात.

एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत स्प्रिंग बदलते तेव्हा बहुतेकदा कारण अगदी नीरस असतं: वजन. सनरूफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डिझेल इंजिन. पुढच्या ॲक्सलवर तीस किलो वाढले तर प्रत्येक चाकावर पंधरा आले, आणि २८च्या स्प्रिंगवर गाडी पाच मिलिमीटर खाली बसली. कंपनीला उंची तीच ठेवायची असते. मग ती स्प्रिंग किंचित ताठ करते, किंवा ताठपणा तोच ठेवून मोकळी लांबी वाढवते. हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या, एक उंच दिसली, की झाली ती 'हेवी ड्यूटी'.

मग महाग मॉडेल चालवून आल्यावर ते कडक का वाटतं? आधी टायर बघा. अमेरिकेत जीआर८६च्या साध्या मॉडेलला २१५/४५ आर१७ टायर येतो, प्रीमियमला २१५/४० आर१८ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंत रुंदीच्या किती टक्के). टायरची भिंत ९७ मिलिमीटरवरून ८६वर आली. अकरा मिलिमीटर रबर गेलं, खड्डा थेट कमरेला पोचला, आणि दोष स्प्रिंगला. दुसरं, शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. २०२४च्या जीआर८६ला जे परफॉर्मन्स पॅकेज मिळालं त्यात नावं झळकतात ती झाक्सच्या शॉकअपची आणि ब्रेम्बोच्या ब्रेकची. पैसा तिथे जातो, कारण स्प्रिंग दबल्यावर परत किती वेगाने उसळायची हे शॉकअप ठरवतो.

मोजायचंच असेल तर हायड्रॉलिक प्रेस आणि वजनकाटा वापरा, तारेची जाडी मोजणाऱ्या व्हर्निअरवर विसंबू नका. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरची तार साडेबारा केली की तो सतरा-अठरा टक्के वर जातो. पावडर कोटिंगचा थर तारेच्या दोन्ही बाजूंनी मोजला गेला तरी हिशेबात गफलत होते.

आता खरा प्रश्न, जो मुलं सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारतात: वरच्या मॉडेलची स्प्रिंग आपल्या गाडीत टाकू का, किंवा आहे तीच एक वेढा कापून गाडी खाली बसवू का? कापू नका. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के ताठ होते, कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि शॉकअप मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो. टाटाने २०१८मध्ये टियागोचं जेटीपी हे स्पोर्टी मॉडेल काढलं तेव्हा चक्क कारखान्यातून गाडी खाली आणली, ती किती? चार मिलिमीटर. आपल्या कॉलनीतले स्पीड ब्रेकर पाहिलेत तर चारच का, ते कळेल. आणि वरच्या मॉडेलची स्प्रिंग मिळाली असेल तर लावण्याआधी माझ्याकडे मोजायला आणा, पण पुढच्या-मागच्या चारही आणा. नुसती मागची जोडी घेऊन आलात तर मी काटाही चालू करणार नाही.