घरच्या प्रार्थनेत किशोरवयीन मुलं बोलती व्हावीत म्हणून

मुलं तेरा-चौदाची झाली तशी कौटुंबिक प्रार्थनेत डोळे मिटून नुसती बसू लागली. आम्ही आधी वेळ कमी केली. पाऊण तासाऐवजी वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. वाचनाला बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घेतलं. १६ अध्याय आहेत. एका बैठकीला अर्धा अध्याय धरला तर चार महिन्यांत होतं. चौदावा अध्याय मात्र ७२ वचनांचा (क्रमांक दिलेल्या ओळींचा), त्याला चार बैठका द्याव्यात.

वाचून झाल्यावर मोठ्यांनी अर्थ सांगायचा नाही, हे सगळ्यांत अवघड गेलं. एकच प्रश्न विचारायचा: "यातलं काय पटलं नाही?" मग कुणीच दोन मिनिटं बोललं नाही तरी थांबायचं. थांबलं नाही की आपलं प्रवचन सुरू होतं आणि मुलं पुन्हा मिटतात. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगून पुढच्या बैठकीला शोधून आणायचं, आणि खरंच आणायचं. शंका म्हणजे बंडखोरी नव्हे. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" म्हणणाऱ्या बापाला (मार्क ९:२४) येशूनं परत पाठवलं नाही. त्याच्या मुलाला बरं केलं.

सर्वांत जास्त नुकसान प्रार्थनेतूनच होतं. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून सोडव" हा देवाच्या नावानं मुलाला मारलेला टोमणा असतो, आणि त्याला तो लगेच कळतो. त्याऐवजी आम्ही आपलीच चूक मोठ्यानं कबूल करू लागलो: "आज मी रागानं बोललो, क्षमा कर." शब्द सुचत नसतील तेव्हा बायबलमधलं स्तोत्र १३ घ्यावं. सहाच वचनं, आणि सुरुवातच "कोठवर?" या प्रश्नानं.

मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात निनावी प्रश्नांची पेटी ठेवली. चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची. प्रश्न नसेल त्यानं आवडतं वचन लिहायचं. नाहीतर कोण लिहितंय ते दिसतं आणि पेटी रिकामी राहते.

मुलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट प्रार्थना-विनंती म्हणून सभेत मांडू नये, पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) कानावरही त्याला न विचारता घालू नये. अपवाद एकच: जिवाला धोका असेल किंवा कुणी छळत असेल, तर गप्प राहायचं नाही, त्याच दिवशी मदत मिळवायची. हा नियम मुलांना पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावा.