तुम्ही विचारलंत म्हणून: स्वर्गात आई का नाही?

ख्रिस्ती धर्मविचार माझ्या वाचनाचा विषय आहे, म्हणून लोक हमखास विचारतात: स्वर्गात पिता आहे, तर आई का नाही? आणि कुणी ती मानलीच, तर देवाच्या सर्वसामर्थ्याला बाध येत नाही का?

माझ्या मते दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तिसराच प्रश्न आहे. देवाने जग कशातून निर्माण केलं?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींचं उत्तर आहे, शून्यातून. देवाशिवाय अनादि असं दुसरं काहीच नाही. या देवाला पिता म्हटलं तरी तो पुरुष नव्हे आणि स्त्रीही नव्हे, असं कॅथलिक शिकवण स्पष्ट सांगते. मग त्याला जोडीदार कुठून असणार? आईपण त्याच्यातच आहे. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या 66व्या अध्यायात तो म्हणतो की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. येशूची आई मरिया हिला 431 साली इफिसस इथल्या धर्मगुरूंच्या परिषदेने देवमाता म्हटलं खरं, पण तीही त्याने निर्माण केलेलीच. तिची आराधना होत नाही.

मॉर्मन म्हणजे अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापलेल्या पंथाचे लोक. त्यांचा पायाच निराळा. स्मिथने 1844 मध्ये शिकवलं की मूळ द्रव्य अनादि आहे, माणसातलं चैतन्यही कुणी घडवलेलं नाही, आणि देव हा उन्नत झालेला मानव आहे. त्याला देह आहे. तिथे 'पिता' हा शब्द शब्दशः घ्यायचा, म्हणजे आई ओघानेच आली. मॉर्मन कवयित्री एलायझा स्नोने 1845 च्या कवितेत नेमका हाच तर्क मांडला: स्वर्गात एकटाच पालक कसा असेल? देवाला सर्वसमर्थ तेही म्हणतात, पण अनादि द्रव्याला तो आकार देतो, अस्तित्व देत नाही. न्याय मोडला तर देव देवच उरणार नाही, असं त्यांच्या धर्मग्रंथात आहे. मध्ययुगातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही मानतो की देव स्वतःशी विसंगत काही करत नाही. पण त्याच्या लेखी देवासोबत अनादि असं काहीच नसतं. खरा फरक इथे पडतो.

मला स्वतःला पहिला विचार पटतो. सगळंच ज्याच्यापासून आहे, त्याच्यावरच सर्वस्वी विसंबता येतं. तरी मॉर्मन मतातली ओढ मला कळते, आणि म्हणूनच एक गोष्ट खटकते. त्यांचे एक प्रमुख नेते गॉर्डन हिंकली यांनी 1991 मध्ये सांगितलं की आई आहे, पण प्रार्थना तिला करू नये. आई आहे म्हणायचं आणि तिला हाक मारू द्यायची नाही, हे मला कठोर वाटतं.