घरच्या लिनक्सवर मेल सर्व्हर उभारताना

स्वतःच्या डोमेनवरची पत्रे स्वतःच्याच घरातल्या डिस्कवर राहावीत, एवढ्या इच्छेपोटी मी सांगलीतल्या घरी पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) चढवले आणि त्यावर पोस्टफिक्स व डव्हकॉट ही जोडी बसवली. मेलची देवघेव पोस्टफिक्स पाहते, तर आलेला मेल जागेवर ठेवून तो आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीद्वारे फोनला आणि लॅपटॉपला दाखवण्याचे काम डव्हकॉट करते. हा भाग फारसा त्रास न देता उरकला. खरे काम त्यानंतरचे होते, ते म्हणजे आपण पाठवलेला मेल दुसऱ्याच्या सर्व्हरने विश्वासाने स्वीकारावा एवढी आपली पत निर्माण करणे.

पहिली अडचण पत्त्याचीच होती. रूटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसत होता आणि बाहेरून पाहिले की भलताच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवठादारांनी अनेक ग्राहकांना एकाच बाह्य पत्त्यामागे बसवण्यासाठी राखून ठेवलेले असतात; म्हणजेच माझ्या घरापर्यंत बाहेरून कोणालाही थेट पोहोचता येत नव्हते. पैसे भरून स्थिर आयपी घेतला, तेव्हा येणारा मेल घरी पोहोचू लागला. परंतु सर्व्हर एकमेकांना ज्यातून मेल देतात ते बाहेर जाणारे पंचवीस क्रमांकाचे पोर्ट बंदच होते आणि त्या पत्त्याची उलट नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर, माझ्या डोमेनच्या नावाने करून देण्याची सोय पुरवठादाराकडे नव्हती. त्यातच घरगुती जोडण्यांचे पत्ते कचरा मेल रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएलसारख्या याद्यांमध्ये असतात. त्यामागे कोणावर संशय घेण्याचा हेतू नसतो. घरगुती जोडणीवरून थेट मेल पाठवला जाणे अपेक्षित नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ असतो. निष्पाप ग्राहकाला हे जाचक वाटते खरे, पण विषाणू शिरलेल्या घरगुती संगणकांतून जगभर किती कचरा मेल जात आला आहे हे पाहता मला हा नियम रास्तच वाटतो.

म्हणून पत्रे घरीच ठेवून बाहेरच्या जगाशी बोलण्यापुरता एक लहानसा व्हीपीएस, म्हणजे डेटासेंटरमधला आभासी सर्व्हर, मी भाड्याने घेतला. निवड करताना विनंतीवरून पंचवीसचे पोर्ट उघडून मिळते का आणि पीटीआर स्वतः लिहिता येतो का, हे दोनच प्रश्न विचारले. घरचा संगणक वायरगार्डच्या बोगद्याने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक खासगी जोडणीने, त्याच्याशी जोडला. जोडणीची सुरुवात घराकडून होत असल्यामुळे रूटरवर एकही पोर्ट उघडावे लागले नाही आणि स्थिर आयपीची गरजही उरली नाही. येणारा मेल व्हीपीएसवरचे पोस्टफिक्स बोगद्यातून घरी पाठवते आणि घरच्या पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट, म्हणजे बाहेर जाणारा मेल पुढे पोहोचवणारा सर्व्हर, म्हणून त्याच व्हीपीएसचे नाव असते. या मांडणीत एक गोष्ट हमखास दुर्लक्षिली जाते. घरी कोणकोणती खाती आहेत याची यादी व्हीपीएसलाही द्यावी लागते. ती नसेल, तर अस्तित्वात नसलेल्या खात्यांचे मेलही तो आधी स्वीकारतो, घरून नकार मिळाल्यावर परतीची सूचना धाडतो आणि ती ज्याचे नाव चोरून कचरा पाठवला गेला त्या तिऱ्हाईताच्या माथी पडते.

मेल पाठवण्याच्या एसएमटीपी पद्धतीचे नियम १९८२ साली लिहिले गेले तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यांत नव्हती. पुढे ती डीएनएसमधील, म्हणजे डोमेनच्या नावांची माहिती देणाऱ्या व्यवस्थेतील, नोंदींच्या रूपाने जोडली गेली. कोणत्या पत्त्यांवरून आपल्या डोमेनचा मेल निघू शकतो हे एसपीएफ सांगते, मेलवरची डिजिटल सही डीकेआयएम तपासू देते आणि या दोन्ही कसोट्या चुकल्या तर काय करावे हे डीमार्क ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने लहान पाठवणाऱ्यांकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक, तसेच जुळणारा पीटीआर मागायला सुरुवात केली आहे. मी तिन्ही नोंदी केल्या. डीकेआयएमच्या २०४८ बिटांच्या किल्लीने मात्र थोडे खेळवले, कारण डीएनएसच्या एका मजकूर-तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत आणि ती किल्ली अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहावी लागते. जीमेलवर चाचणीचा मेल धाडून त्याचा मूळ मजकूर उघडला आणि तिन्ही नावांपुढे ‘पास’ असे दिसले, तेव्हाच मी नेहमीचा पत्रव्यवहार इकडे वळवला. तरीही सुरुवातीचे काही मेल एका मोठ्या सेवेने स्पॅममध्येच टाकले; नव्या पत्त्याची पत हळूहळूच वाढते आणि त्याला इलाज नाही.

कचरा रोखण्यासाठी रस्पॅमडी बसवले. त्यातली ग्रेलिस्टिंगची सोय, म्हणजे संशयास्पद मेल प्रथम तात्पुरता नाकारून पुन्हा यायला लावणे, मी बंद केली, कारण बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर हाती येऊन काही उपयोग नसतो. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, त्याची मात्र चिंता वाटत नाही. घरचा संगणक बंद असला तरी व्हीपीएसवरचे पोस्टफिक्स मेल रांगेत धरून ठेवते आणि मूळ मांडणीनुसार पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करते. इन्व्हर्टरवर फक्त रूटर आहे.

पत्रे मेलडिर पद्धतीने साठवली जातात, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल होते. त्यामुळे रोज रात्री आरसिंक हे फाइलींच्या प्रती काढणारे साधन नवे तेवढेच उचलून पुण्यात बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर नेऊन ठेवते. त्या प्रतीतून एक संपूर्ण खाते दुसऱ्या संगणकावर उभे करून पाहिल्यावरच मी जुन्या मेलसेवेचे वर्गणीचे नूतनीकरण थांबवले.