रॅकमागची खुर्ची

शेवटच्या सत्राच्या मुलांची 'नो ड्यूज'साठी, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, झुंबड उडते तेव्हा ग्रंथालयाच्या काउंटरवर मीही उभी राहते. सही, शिक्का, पुढचा. मान वर करून बघायलाही फुरसत नसते. त्या दुपारी एका मुलीच्या फॉर्मवर शिक्का मारला, फॉर्म पुढे सरकवला आणि सवयीने विचारलं, "नवीन वाचनकक्ष आवडला का?" पाच महिने मी हा प्रश्न दिसेल त्याला विचारत होते. उत्तर 'हो' येणार हे ठाऊक होतं म्हणूनच विचारत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ती म्हणाली, "छान झालाय मॅडम. पण माझी जागा गेली."

"कुठली जागा?"

"जर्नल्सच्या रॅकमागची. एकच खुर्ची होती बघा तिथे."

ती जागा मला लगेच आठवली. ती काढायच्या कागदावर माझीच सही होती.

आधी आम्ही काय काय केलं होतं ते सांगते, कारण त्याचा मला अभिमान होता. थोडा अजूनही आहे. बाहेरच्यांना वाटतं, ग्रंथालयाची जागा आखायची म्हणजे रंग निवडायचा आणि खुर्च्यांचा कॅटलॉग चाळायचा. आमच्या नूतनीकरण समितीलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच बैठकीत भिंतीवर कुठलं सुविचारवाक्य लिहायचं यावर पाऊण तास गेला. मुलं कुठे बसतात हा प्रश्न मी काढला तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "खुर्चीवर बसतात, आणखी कुठे?" सगळे हसले. मीही हसले.

मग मी आणि आमचे मामा, म्हणजे ग्रंथालय परिचर, कामाला लागलो. वाचनकक्षाचा नकाशा काढला, प्रत्येक खुर्चीला नंबर दिला आणि तीन आठवडे दर तासाला फेरी मारून कुठली खुर्ची भरलेली, कुठली रिकामी, कुठल्या खुर्चीवर नुसतीच बॅग, हे लिहिलं. भरलेलीला १, रिकामीला ०, बॅगेला 'ब'. मामांना पहिल्या दिवशी हा पोरखेळ वाटला. चौथ्या दिवशी ते मला सांगत होते, "मॅडम, हे चार खुर्च्यांचं टेबल चारांचं नाहीच."

खरंच नव्हतं. पहिला मुलगा टोकाच्या खुर्चीवर बसतो. दुसरा येतो तो समोर बसत नाही, तिरका बसतो. तिसरा येतो, टेबलाकडे बघतो आणि पुढे जातो. दोन माणसांत ते टेबल 'भरतं'. जागा कमी पडतात म्हणून दोन वर्षं अर्ज येत होते, आणि ऐन गर्दीच्या तासाला आमच्या तक्त्यात शून्यच शून्य दिसत होती. खुर्च्या होत्या, बसायला जागा नव्हती. रॉबर्ट सॉमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ग्रंथालयातली हीच बैठक अभ्यासली होती. ज्याला नुसतं लांब राहायचं असतं तो टेबलाचं टोक धरतो आणि ज्याला टेबल अडवायचं असतं तो बरोब्बर मधली खुर्ची धरतो. हे मी पदवीच्या वेळी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. नोकरीला लागल्यावर दिसायला मामांच्या तक्त्याची वाट बघावी लागली.

दुसरा प्रयोग नकाशांचा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ मध्ये नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना हाताशी धरून विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला. मुलांच्या हातात कॅमेरे दिले, दिवसभर कुठे कुठे गेलात ते नकाशावर दाखवायला लावलं, मनातलं ग्रंथालय कागदावर काढायला लावलं. कॅमेऱ्यांच्या भानगडीत मी पडले नाही. नंतर बऱ्याच ग्रंथालयांनी वापरलेली एक सोपी रीत उचलली. मुलाला कोरा कागद द्यायचा, सहा मिनिटं द्यायची आणि आठवणीतून ग्रंथालय काढायला सांगायचं. दर दोन मिनिटांनी पेनाचा रंग बदलायचा. पहिल्या रंगात जे येतं ते त्याच्या मनातलं ग्रंथालय. शेवटच्या रंगात येतं ते 'अरे हो, हेही आहे'.

काउंटर जवळजवळ सगळ्यांनी शेवटच्या रंगात काढलं. काहींनी काढलंच नाही. तेवढं मी सहन केलं. पण एका मुलाने पहिल्या दोन मिनिटांत निळ्या पेनाने प्लगचे सगळे पॉइंट अचूक काढले आणि मग हिरव्या पेनाने पाट्या. 'येथे बसू नये.' 'बॅग आत नेऊ नये.' 'खुर्ची हलवू नये.' 'मोठ्याने बोलू नये.' जिथल्या तिथे, एकही न चुकता. पुस्तकांचं एकसुद्धा कपाट त्या कागदावर नव्हतं. त्या पाट्यांतल्या निम्म्या माझ्या हस्ताक्षरात आहेत. त्याच संध्याकाळी मामांना सांगून नऊ पाट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने त्यांतल्या दोन परत लावल्या. त्यांच्या मते पाटी नसली की मुलं माजतात.

खरं युद्ध झालं ते बांधीव खंडांवरून. वाचनकक्षाचा जवळपास तिसरा हिस्सा नियतकालिकांच्या जुन्या खंडांनी व्यापला होता. बहुतेक सगळे ऑनलाइन मिळतात, आणि कित्येकांच्या मागच्या चिठ्ठीवर कोणी नेल्याची एकही तारीख पडलेली नव्हती. मी समितीपुढे पिट्सबर्ग विद्यापीठाचा दाखला दिला. १९६९ मध्ये तिथे घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढची सहा वर्षं एकदाही कोणी घरी नेली नाहीत, आणि हे १९७९ मध्ये छापून आलं तेव्हा तिकडेही असाच गहजब झाला होता. उपयोग शून्य. ज्यांनी मागच्या दहा वर्षांत एकही खंड मागवला नाही तेच 'ज्ञानाचा ठेवा' म्हणून उभे राहिले. निर्लेखनाची, म्हणजे जुने खंड नोंदीतून काढून टाकायची, फाइल माझ्या टेबलावरून निघून माझ्याच टेबलावर चार वेळा परत आली. शेवटी तडजोड झाली. खंड टाकायचे नाहीत, तळमजल्यावर न्यायचे. वरच्या मजल्यावर नेऊन चालत नाही. पुस्तकांनी भरलेल्या रॅकचं वजन वाचनकक्षासाठी धरतात त्याच्या दुपटीहून जास्त असतं आणि स्लॅब तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. हे समजावण्यात आणखी एक बैठक गेली.

तर असे रॅक हलले, आणि रॅकमागची ती खुर्चीही हलली. भिंत, स्विचबोर्ड आणि रॅक यांच्यामध्ये एक बोळ उरला होता. तिथे कधी काळी कोणीतरी ठेवलेलं एक टेबल आणि एक खुर्ची. उजेड बेताचा. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स उजेड हवा, तिथे माझ्या मीटरवर १८० भरले होते. वास्तुविशारदाने नकाशावर त्या कोपऱ्याभोवती गोल काढला आणि म्हणाला, "नऊ चौरस मीटर एका माणसासाठी?" बरोबरच होतं. एका वाचकाला साधारण सव्वादोन ते अडीच चौरस मीटर धरतात, म्हणजे तिथे चौघं मावत होते. मी हो म्हटलं. माझ्या डोक्यात चार हा आकडा होता.

आणि मजा अशी की तक्ता माझ्यासमोरच होता. बाकीच्या खुर्च्यांच्या ओळीत शून्य, एक, ब, शून्य असा गोंधळ, आणि त्या खुर्चीच्या ओळीत दुपारी बारापासून सहापर्यंत रोज १, १, १, १. अख्ख्या कक्षातली सर्वांत वाईट जागा आणि सर्वांत जास्त भरलेली. मी त्याचा अर्थ लावला की जागा कमी आहेत म्हणून मुलं तिथेसुद्धा बसतात. 'मुलं', असं अनेकवचनात. रोज तीच एक मुलगी बसत होती हे तक्त्यात दिसायची सोयच नव्हती. मामांना ते दिसत होतं, पण मी त्यांना विचारलं नाही. मी त्यांना फक्त मोजायला सांगितलं होतं.

आता काउंटरवर परत येते. मागे रांग होती. तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, त्या अंधाऱ्या जागेत असं काय होतं?

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही मॅडम. तिथे उजवीकडे भिंत होती. मागे रॅक. कोणीही आलं तरी समोरून नाहीतर डावीकडूनच येणार."

मी म्हटलं, मग सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये लिहायचंस ना. भरला होतास का?

"भरला होता. त्यात 'आवाजाचा त्रास होतो का' असं होतं. मी 'नाही' लिहिलं. आवाजाचा त्रास नाही होत मॅडम. तो कुठून आला ते कळत नाही."

तो प्रश्न मीच लिहिला होता.

"मग आता कुठे बसतेस?"

"रूमवरच वाचते."

तिने फॉर्म घेतला, थँक्यू म्हणाली आणि गेली. वाईट वाटल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी रांगेतल्या पुढच्या मुलाचा फॉर्म घेतला आणि चुकीच्या रकान्यात सही केली.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी तिला शिष्ट समजायचो. हाक मारली तरी बघायची नाही." हाक म्हणजे काय, तर बंद करायच्या वेळी मामा काउंटरपाशी उभे राहून 'चला' म्हणतात. नकाशे काढायला मुलं गोळा केली तीसुद्धा अशीच, आवाज देऊन. जे वळून आले त्यांनी नकाशे काढले.

वर्षअखेरीचे आकडे काढताना प्रवेशाचं रजिस्टर चाळलं. नूतनीकरणाआधी तिची सही रोजची. नंतर पहिल्या आठवड्यात तीनदा, मग एकदा, मग फक्त पुस्तक परत करायला. त्या सत्रात आमची एकूण हजेरी वाढली होती. अहवालात मी तो आकडा ठळक अक्षरात छापला होता.

एका रविवारी कक्ष रिकामा असताना उजव्या कानात कापसाचा घट्ट बोळा घातला आणि नव्या लांब टेबलाशी जाऊन बसले. सुंदर टेबल आहे. दोन्ही बाजूंनी मोकळं, मागून जायला ऐसपैस वाट, समोर काचेची चर्चाखोली. मामांना म्हटलं, नेहमीसारखी कामं करा. ट्रॉली कुठून येतेय ते कळेना. दोन्ही कानांत आवाज पोचायला पडणारा बारीक फरक आणि कमीजास्त जोर यांवरून आपण दिशा ओळखतो. एक कान गेला की तो हिशेबच बंद होतो. त्यात काच, गुळगुळीत फरशी आणि उघडं छत. मऊ असं काहीच नाही, त्यामुळे प्रत्येक आवाज चार ठिकाणांहून येतो. मी सारखी मान वळवून मागे बघत होते. दहा मिनिटांत एक परिच्छेदही धड वाचून झाला नाही. आणि मला तर कापूस काढता येत होता.

वास्तुविशारदाला दोष द्यावा असं फार वाटतं. काच त्याची, छत त्याचं. पण त्याने माझ्या आकड्यांवरूनच आखणी केली. मी त्याला लिहिलं, कडेला उजवीकडे भिंत असलेल्या काही जागा हव्यात, डावीकडे असलेल्याही, आणि पाठीमागे काहीतरी उंच. त्याने उंच पाठीच्या, कानांपर्यंत पंख असलेल्या महागड्या सोफ्यांचे फोटो पाठवले. मी नकाशा घेऊन हिंडले. १८० खुर्च्यांत उजवीकडे भिंत असलेल्या सात. त्यांतल्या पाचांची पाठ दाराकडे. उरलेल्या दोन प्रिंटरला लागून, म्हणजे दिवसभर मागे-पुढे माणसं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. आमच्या प्रवेशदारी तो फ्रेम करून लावला आहे. ती मुलगी वेळ घालवायला तयार होती. रोज सहा तास.

शेवटी कोणाला न विचारता भांडारातून ते जुनं टेबल काढलं. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला. संदर्भ विभागाच्या टोकाला, जिथे भिंत काटकोनात आत वळते, तिथे लावलं. डाव्या अंगाला विश्वकोशांचं एक बुटकं कपाट होतं ते ओढून पाठीशी आणलं. वर दिवा टांगला. मीटर लावून पाहिला, ४६० भरले. समितीतल्या एकांनी जाता जाता विचारलं, "हे भंगार कोणी ठेवलं?" मी म्हटलं, "प्रायोगिक आहे." हा शब्द चालतो.

पहिले दोन दिवस तिथे ०. तिसऱ्या दिवशी तीनच्या फेरीला गेले तर एक मुलगा टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेला. मामा उठवायला निघाले, त्यांना थांबवलं. तक्त्यात १ लिहिला. मग वाटलं, नुसता १ नको, हीच जागा का घेतली ते याला विचारू. समोरून जाऊन उभी राहिले. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत "सॉरी मॅडम" म्हणून बॅग उचलून चालू पडला.