बाहुलीची पिशवी

मंगळवार, रात्री 11

डावा डोळा फुटला. मांजरपाटावर थेट रंग टेकवला, तो धाग्याधाग्यानं पसरला आणि बाहुलीला डोळे आल्यासारखं दिसायला लागलं. वीस वर्षं ब्रश हातात आहे आणि कोऱ्या कापडाला आधी लेप द्यायचा हेच विसरले.

हातानं शिवलेल्या बाहुल्या आम्हा काही जणांना वाटल्यात. रंगवायच्या, नटवायच्या, मग विक्री. पैसे जाणार बालगृहातून 18 पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींच्या खोलीच्या डिपॉझिटला. कायद्यात 21 पर्यंत अनुरक्षण गृहाची, म्हणजे बाहेर पडल्यावर राहायच्या जागेची, सोय आहे, पण तिथे जागा तर मिळायला हवी.

सावंतवाडीची गंजिफा आठवली, हातानं रंगवलेले ते गोल पत्ते. तिथे पूर्वी पत्त्यांच्या कापडाला चिंचोक्याची खळ देत. मग काय, चिंचोके भाजले, भिजवले, सालं काढून वाटले, शिजवले. आई डोकावून म्हणाली, "सारीपाट मांडतेस की काय?" खळीत खडूची पूड कालवून चेहऱ्यावर तीन हात दिले. वाळल्यावर गुळगुळीत गोट्यानं घोटलं. गाल असा तुळतुळीत झाला की बोट सरकावं. (स्वयंपाकघरात अजून तो आंबूस वास आहे. कुणी आलं तर काय सांगू?)

या खेपेला डोळे जमले. वरची पापणी बुबुळावर थोडी उतरवायची, एवढंच. बुबुळ पूर्ण गोल काढलं की बाहुली दचकलेली दिसते. नेसायला आजीच्या इरकलीचे काठ. नथ घातली, काढली, परत घातली.

गुरुवार

बालगृहात दाखवायला नेली. लहानग्यांनी पहिल्यांदा तिचे केस ओढून बघितले. पक्के आहेत. कोपऱ्यातल्या एका मोठ्या मुलीनं, येत्या जूनमध्ये ती बाहेर पडणार आहे, बाहुली उलटीसुलटी करून पाहिली.

"छान आहे. पण ताई, हिची पिशवी कुठाय?"

"कसली पिशवी?"

"कागदांची. आधार, मार्कशीट, अनाथ प्रमाणपत्र. ते नसलं तर आरक्षण नाही ना मिळत."

2018 साली राज्य सरकारनं अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण दिलं, ते मी तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. ही मुलगी ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून उशीखाली ठेवते. मला दाखवलं. घडीवर चिकटपट्टी लावलेली.

मी घरून निघताना नथीचा मोती सारखा करत बसले होते!

रात्री उरलेल्या काठाची पिशवी शिवली, काडेपेटीएवढी. खांद्यावर अडकवून टाके घातले. नथ काढून ठेवली, ती बाहुलीला नाही, मला हवी होती. सवयीनं पिशवीचं तोंडही शिवून टाकलं होतं. झोपायला गेले, परत उठले, ते टाके उसवले आणि बंद लावला.